अनुभव धागा: इंटरनेटला जोडलेले गजराचे घड्याळ

गजरवाला:
भाचीने तिच्या गटाच्या प्रोजेक्टची आकृती काल पाठवली आणि आमचे तिसऱ्या वर्षातले घड्याळ आठवले. सर्किट एकाकडे, प्रोग्रॅम दुसऱ्याकडे, लाकडी खोका एका मैत्रिणीकडे आणि ब्लॅक बुक म्हणजे प्रोजेक्टचा छापील अहवाल माझ्याकडे, अशी वाटणी होती. ईएसपी८२६६ या वाय-फाय चिपचा बोर्ड, चार आकडी डिस्प्ले आणि आवाज करणारा बझर आम्ही पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणले. एनटीपी सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून अचूक वेळ सांगणारा संगणक, १ जानेवारी १९०० पासूनचे सेकंद पाठवतो आणि प्रोग्रॅमचा हिशेब १ जानेवारी १९७० पासून चालतो, म्हणून २,२०,८९,८८,८०० वजा करून भारतीय वेळेसाठी साडेपाच तासांचे १९,८०० सेकंद मिळवायचे, हे गणित मला अजून पाठ आहे. मात्र महाविद्यालयाच्या वाय-फायवर आधी ब्राउझरमधून लॉगिन करावे लागे, आणि घड्याळाला ब्राउझर कुठला? प्रात्यक्षिक अखेर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पार पडले. आपापल्या गटांचे अनुभव अवश्य लिहावेत.

सोल्डर_गन:
आमच्या मार्गदर्शक बाईंनी चालू घड्याळ पाहिले, शांतपणे राउटरचा प्लग काढला, बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला आणि विचारले, "उद्या सकाळी आता कोण उठवणार?" इंटरनेटवाचून वेळच मिळेना, डिस्प्लेवर नुसत्या रेघा होत्या. त्यानंतर डीएस३२३१ ही सेलवर चालणारी घड्याळाची चिप बसवली. घड्याळाची चाल ठरवणाऱ्या साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची चूक दिवसाला दीड-दोन सेकंदांपर्यंत जाऊ शकते. ही चिप तापमानानुसार स्वतःला सावरते, त्यामुळे तिची चूक वर्षाला मिनिटभराच्या आसपास राहते. इंटरनेटकडे मग दिवसातून एकदा वेळ जुळवण्याचेच काम उरले. "मग हे इंटरनेटचे घड्याळ कसले?" असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मित्राचा सवाल होता आणि तो वाद सबमिशनपर्यंत कॅन्टीनमध्ये चालला. माझ्या मते बाईंचेच बरोबर होते.

चहा_आणि_कॅपॅसिटर:
आमच्याकडे गजर वाजू लागला की बोर्डच रीसेट होई. सर्किटवाला प्रोग्रॅमकडे बोट दाखवी आणि प्रोग्रॅमवाली सर्किटकडे, अगदी सासू-सुनेसारखे. ईएसपी८२६६ च्या पिनेतून १२ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेऊ नये असे डाटाशीट, म्हणजे चिपचे माहितीपत्रक, सांगते, आणि बझर मात्र थेट पिनेला जोडलेला होता. शिवाय वाय-फाय संदेश पाठवते त्या क्षणी बोर्ड ३०० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह ओढू शकतो, आणि बारीक तारेच्या यूएसबी केबलमधून तेवढा मिळत नसे. बझरचा प्रवाह पेलायला बीसी५४७ ट्रान्झिस्टर, पुरवठ्यावर मोठा कॅपॅसिटर आणि जाड केबल आल्यावर दोघांत समेट झाला.

कुकर_तीन_शिट्ट्या:
घाईत लिहिते आहे. स्नूझचे (गजर थोडा पुढे ढकलण्याचे) बटण बोर्डाच्या जीपीआयओ शून्य या पिनेवर देऊ नये, कारण ते दाबलेले असताना वीज आली तर बोर्ड प्रोग्रॅम भरून घेण्याच्या अवस्थेत जातो आणि घड्याळ सुरूच होत नाही. बाकी रात्री सविस्तर लिहीन.

मुक्काम_जर्मनी:
आपल्याकडे १९,८०० मिळवले की प्रश्न मिटतो, इथे जर्मनीत तसे नाही, उन्हाळ्यासाठी घड्याळे तासभर पुढे नेतात आणि नंतर मागे आणतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे थेट तीन वाजतात, म्हणजे अडीचचा गजर त्या दिवशी येतच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी अडीच दोनदा वाजतात. तेव्हा गजरही दोनदा व्हावा का, यावर आमच्या गटात मोठी चर्चा झाली आणि पहिल्याच वेळी व्हावा असे ठरले. अडीचला उठणार कोण, हे मात्र कोणीही विचारले नाही.

गजरवाला:
@सोल्डर_गन, भाचीचा गटही डीएस३२३१ च घेणार आहे. सीआर२०३२ सेल बसवला तर चालेल ना?

सोल्डर_गन:
चालेल, पण बाजारातल्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा डायोड आणि रोध असतो, तो एलआयआर२०३२ या पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी. सीआर२०३२ चार्ज करायचा नसतो. मॉड्यूलला ५ व्होल्ट देणार असाल तर तो डायोड आधी काढून टाकायला सांगा.