प्रति: जुन्या कपाटाला पॉलिश की रंग?

'जुनं पॉलिश पूर्ण खरवडल्याशिवाय स्टेन लावू नये' हे या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय ते खरंच. स्टेन म्हणजे लाकडाला रंगछटा देणारा पातळ रंग, तो लाकडात मुरावा लागतो, पॉलिशवर तो नुसता चिकट बसून राहतो. पण ऑइलपेंटच द्यायचा असेल तर एवढा खटाटोप कशाला? २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मोडा, धूळ पुसा, प्रायमर द्या, झालं. (सागवानाला ऑइलपेंट फासणाऱ्यांशी मी बोलत नाही, ती गोष्ट वेगळी.)

हवेचा विषय मात्र कुणीच काढला नाही. मी सांगलीत गावभागातल्या एका घरातून जुनं सागवानी कपाट उचललं आणि हौसेने ऐन श्रावणात चपडा-स्पिरिटचं (म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं) पॉलिश मारलं. सकाळी बघतो तर दारांवर दुधाळ ढग! स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थरात अडकतं. मी परत सगळं खरवडायलाच निघालो होतो, शेजारच्या सुतारमामांनी अडवलं. चांगलं ऊन पडलं त्या दिवशी त्यांनी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला मऊ कपडा अलगद फिरवला, ढग गेले. घासायचं नाही हं, नाहीतर पॉलिशच निघून येतं.

आणि पुरात भिजलेलं कपाट स्वस्तात मिळत असेल तर आधी मागची फळी बघा. २०१९ च्या महापुरानंतर अशी बरीच पाहिली. सागवान वाळून सावरतं, पण प्लायवूडचे पदर एकदा सुटले की त्यावर कसलाही रंग द्या, व्यर्थ.