कोहळ्याच्या वेलाले फुलंच फुलं, फळ एकही धरून नाई राह्यलं

सांदवाडी_वर्धा

राम राम मंडळी. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राह्यली. घराच्या मागं सांदवाडी आहे, दीड-दोन गुंठे असन. सासूबाई होत्या तोपर्यंत सगळं त्याच पाहत, आम्ही फक्त जाऊन तोडून आणायचो. मागच्या माघात त्या गेल्या. गोठ्याच्या भिंतीले त्यांनी शेणात थापून ठेवलेलं कोहळ्याचं (लाल भोपळ्याचं) बी तेवढं राह्यलं होतं, मोजून सात बिया. त्या मी आखाजीले आळे करून टोबल्या, चार उगवल्या, त्यातला एक वेल वानेरानं उपटला, तीन राह्यले. उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी टाकलं, पऱ्हाट्या (कापसाची वाळली झाडं) रोवून सावली केली, 45 च्या वर ऊन गेलं तरी जगवले.

मृग लागल्यावर असे सुटले की कुपावरून सरळ गोठ्याच्या टिनावर गेले, पानं परातीएवढे, रोज सकाळी आठ-दहा पिवळे फुलं. पण महिना होऊन गेला, फळ एक नाई. फूल दुपारी मिटते अन् दुसऱ्या दिवशी गळून पडते. जाऊबाई म्हणते वेल वांझ आहे, काढून टाक अन् दोडके लाव. माझा जीव नाई होत. हे वेल गेले तर त्यांचं बी संपलं, गावात दुसऱ्या कोणाजवळ ते नाई. खत म्हणाल तर शेणखत दोन टोपले टाकलं अन् मधात ह्यांनी पऱ्हाटीचा उरलेला मूठ-दोन मूठ युरिया पण टाकला होता.

अजून एक, सांबार (कोथिंबीर) दोनदा पेरला, दोन्ही वेळा बोटभर झाला अन् सडला. अन् महालक्ष्मीच्या सोळा भाज्यांतल्या घरच्या किती होतील, आता काय पेरलं तर येईन ते पण सांगा. सासूबाई असताना बाजारातून दोन-तीनच आणाव्या लागत.

दर्यापूरचा_गडी

ताई, वेल वांझ-बिंझ काई नसते, आधी ते मनातून काढा. कोहळ्याले पयले निरे नर फुलं येतात, मादी मांगून येते, अन् पाला मातला का अजूनच उशीर. तो युरियाच नडला तुमाले. आता काईच खत टाकू नका.

वळखाचं कसं, तर नर फुलाचा देठ लंबा अन् बारीक, फुलाखाली काईच नाई. मादी फुलाचा देठ आखूड अन् फुलाच्या खालीच बोराएवढं गोल कोहळं लागलेलं असते, फूल उमलाच्या आधीपासूनच. एक एक फूल खालून पाहा, वरून सारे सारखेच दिसतात.

आमचा खारपाणपट्टा हाय, पूर्णेच्या खोऱ्यातला. बोअरचं पानी जिभेले लावलं तर खारं, झाडाले टाकलं तर माती अशी दगडावानी आवळते का खुरपं नाई शिरत. म्हनून आमची वाडी पावसाच्या पान्यावरच. टिनाचं पानी पन्हाळीनं ड्रममधी उतरवतो, पयला पाऊस वाहू देतो अन् मंग धरतो, उघाड पडली का तेच पानी लोटा-लोटा करून वेलाले. त्या खाऱ्या पान्यावर पालक तेवढा तग धरते, मिरची अन् वाल नाई धरत. तुमच्या घरी गोडं पानी हाय, अन् वेलानं उन्हाळा काढला, आता कायले उपटता.

आज नागपंचमी हाय, आज खनू-चिरू नका. फुलं पाहाले काई हरकत नाई.

नागभीडची_बाई

दादांनी बरोबर सांगितलं जी. मी त्यात हातानं फळ कसं धरवायचं ते सांगते, आमच्या शाळेच्या परसबागेत आम्ही दरवर्षी पोरांकडून करून घेतो. कोहळ्याचं फूल उजाडता उजाडता उमलतं आणि नऊ-दहाला मिटायला लागतं, त्यामुळे साडेसहा-सातलाच जायचं. त्याच सकाळी उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या काढून टाका, मधली पिवळी दांडी राहील, तिला बोट लावलं तर हळदीसारखी पूड लागते. ती पूड मादी फुलाच्या मधल्या गाठीवर सगळीकडून अलगद फिरवा. एका मादी फुलाला दोन-तीन नर फुलं लागली तरी वापरा, तुमच्याकडे तोटा नाही. पाऊस सुरू असला तर पूड भिजून वाया जाते, म्हणून तसा अंदाज असेल तर कळीवर आदल्या रात्रीच एखादं मोठं पान किंवा प्लास्टिक झाकून ठेवा. दोडका आणि लवकीचं फूल मात्र संध्याकाळी उमलतं, पोरं ते सकाळी शोधत बसायची आणि मग एक दिवस शाळा सुटल्यावर मांडवाखाली थांबली तेव्हा डोळ्यांदेखत उमललं.

पण ताई तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं तुम्हाला नुसतं फळ नको, सासूबाईंचं बी पाहिजे. त्याला जास्तीचं काम आहे. आजूबाजूला कोणाचं दुसऱ्या जातीचं कोहळं असेल तर मधमाशी तिकडची पूड आणून टाकते, फळ अगदी तुमच्यासारखंच होईल पण आतलं बी मिसळलेलं, आणि ते कळणार पुढच्या वर्षी. म्हणून आदल्या संध्याकाळी जी कळी पिवळी पडून टोकाशी सैल झाली असेल ती सकाळी उमलणार असं समजा, नर आणि मादी दोन्ही कळ्यांच्या टोकाला दोरा बांधा. सकाळी सोडा, पूड लावा, मादी फूल लगेच परत बांधून टाका. देठाला ओळखीची चिंधी बांधायला विसरू नका, पुढं दोन महिन्यांनी कोणतं फळ कोणतं ते आठवत नाही. नर फूल शक्यतो दुसऱ्या वेलाचं घ्या, तिन्ही वेल एकाच बियाण्याचे आहेत तेव्हा बिघडत नाही.

सांदवाडी_वर्धा

बाई, दादा, आज सकाळी सहालाच शिडी लावून टिनावर पाह्यलं. चौदा फुलं मोजली, सगळे नर. उतरणारच होती तर पार त्या टोकाले पानाखाली एक कळी दिसली, अन् तिच्याखाली हिरवं गोल, बोरापेक्षा थोडं मोठं, अंगावर बारीक पांढरी लव. मी तिथंच शिडीवर बसून राह्यली, मुलगा खालून विचारते आई काय झालं. कळी अजून हिरवी आहे. रोज संध्याकाळी पाहीन. मधमाशी मात्र एक नाई दिसली, मुंग्याच मुंग्या.

यवतमाळ_कापूसवाली

मधमाशी कुठून दिसन ताई, चारही बाजूनं पऱ्हाटी अन् एक शेत झालं की दुसरं, फवारणी सुरूच. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून मी शेतातलं औषध वाडीत येऊ देत नाई. तरी मागच्या वर्षी घात झालाच. देरानं वालाच्या मांडवावर निंबोळी अर्क मारला, औषध चांगलं, घरचं, पण पंप तो होता ज्याच्यात आधी तणनाशक भरलं होतं. दोनदा धुतला म्हणे. चौथ्या दिवशी कोवळे शेंडे पिळवटून दोऱ्यासारखे झाले, पानं अरुंद होऊन वाकडे, आठवड्यात सगळा मांडव गेला. किती वाईट वाटलं ते सांगू नाई शकत, श्रावणापासून जपलेला मांडव होता. आता वाडीसाठी हातातली छोटी फवारणीची बाटली वेगळी ठेवली आहे, तिच्यात दुसरं काही भरतच नाई. 50 ग्रॅम वाळल्या निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात, सकाळी फडक्यानं गाळायची, थोडा साबणाचा चुरा अन् संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारायचं, उमललेल्या फुलावर कधीच नाई.

सांबाराचं म्हणाल तर आपली काळी माती श्रावणात पाणी सोडतच नाई, मुळ्या गुदमरतात, सपाट वाफ्यात तो सडणारच. विटा रचून वीतभर उंच वाफा करा, मातीत शेणखत अन् वाळू घाला, अन् जागा अशी पाहा का पावसाचा मारा थेट नाई पडणार, गोठ्याच्या पाख्याखाली वगैरे. धने वरवंट्यानं हलकेच रगडून दोन फाकी करायचे, पीठ नाई करायचं, रात्रभर भिजवून विरळ पेरायचे. आम्ही दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरतो, एकदम सगळा नाई.

महालक्ष्मीले महिना आहे. मेथी, पालक, लाल माठ उद्या पेरला तर होऊन जाईन. बरबटी (चवळी), भेंडी आता पेरून नाई पोचत, आधीची असन तरच. अंबाडी मृगातली असनच तुमच्याकडं. धोप्याचे (अळूचे) पानं आहेत का? अन् कोहळ्याचा कोवळा पाला पण भाजीच आहे, ते रोजचे नर फुलं गळू कशाले देता, बेसनात बुडवून भजे करा. दोन-चार वेलावर ठेवा पुडीपुरते, बाकीचे तोडा. ह्या एका वेलावरच तुमच्या दोन भाज्या झाल्या.

दर्यापूरचा_गडी

एक सांगाचं राह्यलं. महालक्ष्मी येतात भाद्रपद शुद्ध सप्तमीच्या सुमारास, म्हंजे बरोबर महिन्यानं. हे फूल आता धरलं तर तवापर्यंत भाजीपुरतं कोहळं तयार होईन अन् घरचे सारे म्हनतीन तोडा. बी पायजे असन तर तोडू नका ताई. साल नखानं टोचली नाई पायजे, देठ वाळून लाकडावानी झाला पायजे, तवा ते पिकलं. दीड-दोन महिने धरा. अन् तोडल्यावरही लगेच फोडू नका, पंधरा-वीस दिवस घरात ठेवा, बी आत अजून भरते.

नागभीडची_बाई

आणि फळ धरल्यावर लवकरच त्याला कागदाची किंवा कापडाची पिशवी घाला जी. फळमाशी कोवळ्या सालीत टोचून अंडी घालते, बाहेरून नुसता टिपका दिसतो आणि आत अळ्या. सडकं फळ उकिरड्यावर टाकायचं नाही, अळी मातीत शिरून माशी होऊन परत येते. पिशवीत बंद करून उन्हात ठेवायचं. टिनावर फळाखाली तणसाची चुंबळ ठेवा, ऊन निघालं की टिन खूप तापतं.

सांदवाडी_वर्धा

सगळ्यांचं वाचून तसंच केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळी पिवळी झाली, बाजूच्या वेलावरच्या दोन नर कळ्यांनाही दोरा बांधला. रात्री पाऊस आला, मी दोनदा बॅटरी घेऊन पाहून आली, प्लास्टिक जागेवरच होतं. सकाळी पावणेसातला मुलानं शिडी धरली अन् मी पूड लावली, हात थरथरत होता. परत दोरा बांधला.

आज दहावा दिवस. फूल वाळून गळलं पण खालचं कोहळं नाई गळलं, मुठीपेक्षा मोठं झालं, हिरव्यावर पांढरट पट्टे दिसून राह्यले, सासूबाईंच्या कोहळ्याले असेच पट्टे असायचे. पिशवी त्यांच्याच जुन्या पातळाची शिवली, चिंधी पण तीच बांधली. मधात अजून तीन मादी फुलं आले, त्यातलं एक पिवळं पडून गेलं, दोन धरले. त्यांना दोरा नव्हता बांधला, पूड तेवढी लावली, तर ते महालक्ष्मीले भाजीसाठी. चिंधीवालं कोणी हात लावायचा नाई असं घरात सांगून ठेवलं. जाऊबाई काल भज्यासाठी फुलं तोडून घेऊन गेल्या अन् स्वतःच म्हणाल्या का टिनाखाली एक बल्ली लावू, वजन वाढन.

सांबार पाख्याखाली पेरला, उगवून राह्यला आहे.

बी निघालं की दिवाळीच्या आसपास सांगते. थोडं घरी भिंतीले थापून ठेवीन, बाकीचं ज्याले पायजे त्याच्यासाठी. दर्यापूरच्या दादांचं आधीच धरलं आहे, पण दादा, गोड्या पाण्यावरची सवय आहे त्याले, ड्रमचंच पाणी टाकजा.