वाळकेश्वरचं जैन मंदिर: आत्याला न्यायचंय, आत सोडतात का?

डोंबिवलीकर
साताऱ्याहून आत्या येतेय. तिला वाळकेश्वरचं संगमरवरी जैन मंदिर बघायचंय. आम्ही जैन नाही. आत सोडतात का? कपड्यांचं काही असतं का? फोटो काढता येतात का? आत्याचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घेऊन सांगा.

सांगलीचा गिरगावकर
खुशाल न्या, जात-धर्म कुणी विचारत नाही. बाबू अमीचंद पन्नालाल यांचं आदीश्वराचं, म्हणजे पहिले तीर्थंकर आदिनाथ यांचं देरासर (जैन मंदिर) ते, १९०४ सालचं. दारात दोन दगडी हत्ती आहेत, त्यामुळे चुकणार नाही.

चामड्याचं काही नको. चप्पल बाहेर ठेवालच, पण पट्टा आणि पाकीटही आठवणीने घरी ठेवा. मूर्तींचे फोटो काढू नका. पाळीच्या दिवसांत येऊ नये अशीही पाटी बऱ्याच देरासरांत दिसते. मला ती पटत नाही, पण ऐनवेळी कुणाला अवघडायला नको म्हणून सांगून ठेवतो.

मी जैनच, पण दिगंबर. आमच्याकडे मूर्ती उघडी, साधी, ध्यानातली. ना डोळे लावलेले, ना दागिना. त्यामुळे पहिल्यांदा इथे आलो तेव्हा बिचकलोच. श्वेतांबरांच्या मूर्तीचे टपोरे डोळे समोरून थेट आपल्याकडे बघतात आणि वर अंगी चढवलेली, म्हणजे मूर्तीचा सगळा साज. आता मात्र मी तीच बघायला जातो. सणावाराला अंगी जास्त भरजरी. पर्युषणात, म्हणजे जैनांच्या मोठ्या पर्वात, तर बघायलाच नको, पण तेव्हा गर्दीत आत्याला नेऊ नका.

सकाळी गेलात तर पूजा बघायला मिळेल. न शिवलेलं धोतर-उपरणं नेसून, तोंडाला घडीचं फडकं बांधून केशर-चंदनाचे टिळे लावणारे लोक दिसतील. मूर्तीला हात त्यांनीच लावायचा. बाकीचे पाटावर तांदळाचा स्वस्तिक काढतात. त्याच्या चार बाजू म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे) आणि नरक या जन्माच्या चार गती. वर तीन ढिगल्या, दर्शन (म्हणजे श्रद्धा), ज्ञान आणि चारित्र्याच्या. त्याच्याही वर चंद्रकोर, ती सिद्धशिला, मुक्त जीवांची जागा. आत्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर रांगोळी समजेल.

मूर्ती ओळखायची तर बैठकीवरचं चिन्ह बघायचं. बैल असेल तर आदिनाथ, नाग असेल तर पार्श्वनाथ, सिंह असेल तर महावीर. आणि मान वर करा! घुमटाच्या आतून ग्रह रंगवलेत. बहुतेक लोक खांबांचीच नक्षी बघून परततात.

तीन बत्ती
डोंबिवलीहून दादरला गाडी बदला, चर्नी रोडला उतरा आणि टॅक्सी करा. इथे रिक्षा नाहीत. बसही आहे, पण गुडघे दुखत असतील तर चढणीच्या रस्त्यावर चालायचा हट्ट नको. बाणगंगेच्याही पायऱ्याच आहेत, तळं वरूनच दाखवा. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट हवा असेल तर तोही टॅक्सीनेच.

डोंबिवलीकर
आभार. आत्या विचारतेय, तांदूळ घरून न्यायचे का? आणि परतीला टॅक्सी मिळते का?

सांगलीचा गिरगावकर
नेले तर उत्तम, पण अखंड बघून न्या, कणी नको. पिशवी कापडी घ्या.

तीन बत्ती
वर नाही मिळाली तर उताराने सावकाश माझ्या नावाच्या नाक्यापर्यंत या. तिथे मिळते.