राजकारणच प्रहसन करू लागल्यावर प्रहसनकाराने काय लिहावे?

विंगेतला (धागाकर्ता)

मी हौशी मंडळींसाठी प्रहसने लिहितो आणि त्या अधिकारात, म्हणजे जवळजवळ कोणताही अधिकार नसताना, एक विधान चर्चेसाठी ठेवतो. महाराष्ट्रातला राजकीय विनोद आटत चालला आहे, कारण राजकारण्यांनी तो स्वतःच करायला घेतला आहे. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत पसरली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता आणि तो खरा मानायला माझी हरकत नाही. मात्र महिना संपता संपता त्यांच्याकडचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. हा प्रसंग मी लिहिला असता तर आमच्या दिग्दर्शकाने ‘फारच ढोबळ झाले’ असे म्हणून तालमीतच कापला असता.

दूरदर्शनवरच्या मालिकांचे दुखणेही हेच आहे. एखाद्या पात्राचा अभिनेता अचानक बदलला की आपण लेखकाच्या नावाने बोटे मोडतो. राजकारणात अभिनेते तेच राहतात आणि पक्ष, चिन्ह, खलनायक असे बाकी सर्व बदलते, तरी आपण पुढचा भाग चुकवत नाही. पहाटेच्या शपथविधीने सुरू झालेले सरकार चौथ्या दिवशी पडते, सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेले आमदार राज्याचा मुख्यमंत्री बदलून परततात, आणि हे सर्व पाहून रात्री विनोदी कार्यक्रम लावावा तर तेथे सासू-सुनेचे भांडण चाललेले असते. अतिशयोक्तीला जागाच उरली नसेल तर आम्ही लिहायचे तरी काय?

बतावणी

आपल्या विधानाचा पायाच मला मान्य नाही. विनोद म्हणजे वास्तव फुगवून सांगणे, असे आपण गृहीत धरले आहे. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) आठवून पाहा. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवरच्या त्या चित्रपटात फुगवलेले असे काहीच नाही; अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आवाजसुद्धा चढवत नाही. अखेरीस निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो आणि प्रेक्षकाला मात्र हसू येत नाही. उपरोधाचे एवढे धारदार उदाहरण मराठी पडद्यावर फारसे नाही, आणि ते उभे राहिले आहे ते वास्तव आहे तसे नेमक्या क्रमाने मांडल्यामुळे.

लोकनाट्याची रीत निराळी असली तरी तेथेही भर नेमकेपणावरच होता. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवरच्या कोपरखळ्या आयत्या वेळी घालत, म्हणून लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहायला जात. आपल्याकडे नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. परंतु जे वाक्य सोंगाड्याला रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचते, ते कोणते मंडळ आधी वाचणार? तेव्हा राज्यकर्ते काही कमी विनोदी नव्हते. सोंगाड्याला त्यांची भीती कमी होती, एवढाच फरक आहे. विषय आटलेला नाही, धाडस आटले आहे.

नाट्यव्यवस्थापक

धाडसाचा उपदेश करणाऱ्यांनी एकदा सभागृहाचे भाडे भरून पाहावे. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर, त्यांचे नाव न घेता, एका गाजलेल्या हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन सादर केले. त्यानंतर शिवसैनिकांनी मोडतोड केली ती कामरांच्या घराची नव्हे, तर ज्या जागी कार्यक्रम झाला त्या खारच्या स्टुडिओची. पाठोपाठ महापालिकेचे पथक त्याच जागेतले अनधिकृत बांधकाम पाडायला हजर झाले. कलावंताला अटकेपासून न्यायालयाकडून संरक्षण मिळू शकते आणि त्यांना ते मिळालेही. जागेच्या मालकाला फुटलेल्या खुर्च्यांपासून असे संरक्षण कोणी देत नाही. त्यामुळे आता आम्हा आयोजकांचा पहिला प्रश्न ‘विनोद चांगला आहे का’ हा नसून ‘विनोद कोणावर आहे’ हा असतो. वाहिन्यांची गणितेही वेगळी नाहीत. सासू-सुनेच्या भांडणावर अद्याप कोणी मोर्चा आणलेला नाही.

तिसरी घंटा

वरच्या तिन्ही प्रतिसादांतून एक बाब सुटली आहे. राजकारण्यांनी विनोद पळवला असे धागाकर्ते म्हणतात. माझ्या मते त्यांनी चित्रपट पळवला. आनंद दिघे यांच्यावरचा ‘धर्मवीर’ मे २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात एकनाथ शिंदे हे एक ठळक पात्र होते. पुढच्याच महिन्यात ते पात्र पडद्यावरून उतरून सुरतला गेले. दुसरा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे विधानसभेच्या मतदानाला दोन महिनेही उरले नसताना आला. एखाद्या नेत्यावर चित्रपट काढण्यात गैर काही नाही, परंतु ज्या काळात मोठ्या पडद्यावर पोवाडे गायले जात आहेत, त्या काळात उपहासाला छोट्या पडद्यावरही जागा मिळू नये, ही विभागणी आपोआप झालेली नाही. जाता जाता धागाकर्त्यांना एक खासगी प्रश्न : आपल्या प्रहसनाचा खर्च कोण करते?

विंगेतला

प्रश्न वर्मी लागला. आमचा प्रयोग गणेशोत्सवात असतो. प्रवेशाची कमान एका पक्षाच्या स्थानिक नेत्याकडून येते आणि ध्वनियंत्रणा दुसऱ्याकडून. पूर्वी वर्गणी देणारा एक पक्ष फुटल्यापासून त्याचे दोन्ही गट स्वतंत्र पावती फाडतात, त्यामुळे मंडळाची आर्थिक स्थिती कधी नव्हे एवढी उत्तम आहे. गेल्या वर्षीचे प्रहसन ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणावर होते.

तरीही बतावणी यांना माझा एक प्रतिप्रश्न आहे. समजा, धाडस केले. पण ज्याची टिंगल करावी तोच तिच्यावर वाढत असेल तर? शहाजीबापू पाटील यांनी जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून एका कार्यकर्त्याला फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ असे वर्णन ऐकवले. लोकांनी त्याची थट्टा केली, वरातीत वाजणारी गाणी केली, आणि महिनाभरात सांगोल्याचा हा आमदार राज्यभर लाडका झाला. पक्षांतराचा गंभीर प्रश्न त्या झाडीत कोठे हरवला, हे कोणालाच सांगता आले नाही. आमचा विनोद त्यांच्या प्रसिद्धीखात्याचे काम फुकटात करतो.

सांगोलेकर

मी त्याच तालुक्यातला असल्यामुळे पुढची गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत बापू पराभूत झाले आणि शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख निवडून आले. ज्या मतदारसंघाने गणपतराव देशमुखांना ११ वेळा विधानसभेत पाठवले, तेथे केवळ हसवण्यावर निवडणूक निघत नाही. परंतु यावरून उपरोधाचा विजय झाला, असे कोणी समजू नये. लढत तिरंगी होती, जुनी घराणी होती, पाण्याचा प्रश्न होता. लोक गाण्यावर नाचले आणि मतदान त्यांनी आपल्या हिशेबाने केले. प्रहसनकार आणि नेते, दोघेही विनोदाच्या परिणामाविषयी फार मोठे गैरसमज बाळगून आहेत. विनोदाने कोणी पडत नाही आणि कोणी निवडूनही येत नाही, तेव्हा धाडसाची एवढी चर्चा कशाला?

बतावणी

सांगोलेकरांचे तालुक्याविषयीचे म्हणणे मी शिरोधार्य मानतो, निष्कर्ष मात्र मानत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये विरोधी आमदारांनी विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओक्के’ अशी घोषणा दिली. ती प्रत्येक वाहिनीने दाखवली, वर्तमानपत्रांनी मथळ्यांत छापली, आणि घोषणा देणारे सर्वजण संध्याकाळी सुखरूप घरी गेले. एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने तेच खोके तालात बसवून रॅप गायले, तेव्हा त्याच्यावर गुन्हा नोंदवला गेला. शब्द जवळजवळ तेच होते. भर पडली होती ती फक्त ठेक्याची आणि यमकांची. विनोदाने काहीच होत नसेल, तर पोलिसांनी त्या पोराला कशासाठी शोधून काढले, हे सांगोलेकरांनी सवडीने सांगावे.