मदत हवी आहे: बेसबॉलच्या स्कोअरशीटवर ६-४ कुणाच्या चौकटीत लिहायचं? (पोरगी बोलत नाहीये)

राम राम मंडळी,

मुलगी आठवीत आहे, शाळेच्या बेसबॉल टीममधे सेकंड बेसला खेळते. मी गावातल्या टेनिस बॉल क्रिकेटचं स्कोअरिंग पंधरा वर्षांपासून करतोय, त्यामुळे सरांनी रविवारी क्लिपबोर्ड सरळ माझ्या हातात दिला, म्हणे भाऊ तुम्हाला जमेल. भुसावळचं ऊन, डोक्यावर उपरणं, आणि समोर प्रत्येक खेळाडूपुढे एकेक चौकट, तिच्यात बारका डायमंड. मला वाटलं होतं एका बॉलला एक टिंब, इथे टिंबच नाही!

नंबर पाठ केले होते. १ पिचर, २ कॅचर, ३ फर्स्ट बेस, ४ सेकंड, ५ थर्ड, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट, ८ सेंटर, ९ राइट फिल्ड. (शॉर्टस्टॉप सेकंड आणि थर्डच्या मधे उभी राहते आणि नंबर मात्र ६, इथे मी दोनदा फसलो.) हे नंबर जागेचे, जर्सीचे नाही, हेही कळलं. शॉर्टस्टॉपने उचलून फर्स्टला टाकला की ६-३, सेंटरला झेल गेला की एफ८, चार बॉल वाइड गेले की बीबी, इथपर्यंत ठीक.

पण तिसऱ्या इनिंगला समोरच्यांची एक पोरगी फर्स्टवर, बॅटरने जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला, तिने सेकंडला टाकला, माझ्या मुलीने बेसवर पाय ठेवून पकडला, धावणारी आउट, पण बॅटर आरामात फर्स्टवर. मी बॅटरच्या चौकटीत हिट लिहिली आणि धावणारीची चौकट तशीच सोडून दिली कारण तिची बॅटिंग तर आधीच झाली होती ना! घरी आल्यावर मुलगी शीट बघून म्हणे पप्पा माझा आउट कुठे गेला. वरणबट्टीचं ताट तसंच ठेवून उठली.

दुसरं, एका पोरीचा तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला, ती पळाली, कॅचरने फर्स्टला टाकून आउट केली. हा स्ट्राइकआउट की ३ चा आउट? मी नुसता के लिहिला. सरांनी दोन्हीकडे लाल गोल मारलेत. कोणी समजावून सांगेल का, क्रिकेटच्या भाषेत सांगितलं तर बरं.

— भुसावळकर

प्रतिसाद, जुना अंपायर:

भाऊ, मला सांगा, नॉनस्ट्रायकर रनआउट झाला तर तुम्ही ते स्ट्रायकरच्या नावापुढे लिहिता का? नाही ना. तसंच हे. आउट जिची झाली तिच्या चौकटीत. म्हणजे धावणारीच्या डायमंडवर फर्स्टपासून सेकंडकडे अर्धी रेघ, तिथे आडवा छेद, बाजूला ६-४, आणि कितवा आउट तो आकडा गोलात. आणि बॅटरच्या चौकटीत होमपासून फर्स्टपर्यंत रेघ आणि एफसी, म्हणजे फिल्डर्स चॉइस. हिट नाही! ती बेसवर पोचली कारण फिल्डरने दुसरीला धरायचं ठरवलं. पुढची रनर फोर्स आउट झाली (म्हणजे मागून बॅटर येतेय म्हणून तिला पळावंच लागलं आणि पुढच्या बेसवर आउट झाली) की बॅटरला हिट मिळतच नाही, बॉल कितीही जोरात मारलेला असो. ॲट-बॅट, म्हणजे सरासरीत धरतात ती बॅटिंगची पाळी, मात्र मोजायचा, म्हणजे तिची सरासरी खाली येते.

तुमच्या मुलीला पुटआउट (आउट पुरा केला तिचा), शॉर्टस्टॉपला असिस्ट (बॉल टाकून मदत केली तिचा). ती चिडली ते बरोबरच.

प्रतिसाद, धुळेकर:

दादा, पोरनी काही चूक नही, चूक तुमनी शे 😄

सुटलेल्या स्ट्राइकचं सांगतो. फर्स्ट बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झालेले असतील तरच बॅटरला असं पळता येतं. लिहायचं के २-३. पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट राहतोच, फक्त पुटआउट फर्स्ट बेसला जातो आणि कॅचरला असिस्ट. साध्या स्ट्राइकआउटला पुटआउट कॅचरचा असतो. बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक बघत राहिली तर के उलटा काढतात, आरशात दिसतो तसा. आणि हा के का, तर हेन्री चॅडविक नावाचा पत्रकार होता, जन्माने इंग्रज, १८२४ चा, अमेरिकेत क्रिकेटवर लिहिता लिहिता बेसबॉलकडे वळला, त्याने ‘स्ट्रक’ या इंग्रजी शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं. म्हणजे क्रिकेटवाल्यानेच सुरू केलंय, तुम्ही घाबरू नका.

भुसावळकर:

धन्यवाद भो, एकदम डोक्यात बसलं. मग पाचव्या इनिंगला ६-४-३ डबल प्ले झाला, म्हणजे एकाच फटक्यावर दोघी आउट, तो मी दोघींच्या चौकटीत ६-४-३ लिहिला आणि इनिंगचे पुटआउट चार निघाले, म्हटलं हे काय.

जुना अंपायर:

धावणारीकडे ६-४, बॅटरकडे ६-४-३ डीपी. तुमच्या मुलीला त्यात पुटआउट पण आणि असिस्ट पण, कारण तिनेच पकडून पुढे फर्स्टला टाकला.

आणि शीट सरांना द्यायच्या आधी ताळा करायचा. एकीकडे ॲट-बॅट, बीबी, बॉल अंगाला लागून मिळालेले बेस आणि सॅक्रिफाइस (स्वतः आउट होऊन रनरला पुढे सरकवलं ते). दुसरीकडे रन, बेसवर राहिलेल्या आणि समोरच्या टीमचे पुटआउट. दोन्ही बेरजा सारख्या यायलाच पाहिजे. (अडथळ्यामुळे बेस मिळाला असेल तर तोही पहिल्या बेरजेत धरा, पण ते क्वचित.) नाही आल्या तर कुठेतरी कोणाचा तरी आउट खाल्लाय.

भुसावळकर:

आत्ताच तिसरी इनिंग लावून बघितली. ॲट-बॅट ४, बीबी १, अंगाला लागलेला १, झाले ६. इकडे रन २, बेसवर एक राहिली, पुटआउट ३, हेपण ६! मुलीला हाक मारून दाखवलं, ती काही बोलली नाही पण मागच्या मॅचची शीट कपाटातून काढून माझ्यासमोर टाकली.

एकच राहिलं. बॉल मागे गेला आणि रनर पुढे सरकली तर वाइल्ड पिच की पास्ड बॉल, ते अंपायर सांगतो का?

धुळेकर:

नाही, स्कोअरर ठरवतो. साध्या प्रयत्नात कॅचरला अडवता यायला हवा होता असं वाटलं तर पास्ड बॉल, नाहीतर वाइल्ड पिच.

भुसावळकर:

म्हणजे रविवारी कॅचरच्या मम्मीशेजारी बसायचं नाही.