मदत हवी आहे: लॅपटॉपचे डावीकडचे यूएसबी पोर्ट बंद

शंकासुर
लॅपटॉपच्या डाव्या बाजूचे दोन्ही यूएसबी पोर्ट बंद पडले आहेत. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले, विंडोजची सगळी अपडेट घेतली, तरी फरक पडलेला नाही. काम अडले आहे, तेव्हा रीस्टार्ट करण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

चिकित्सक
‘बंद पडले’ म्हणजे नेमके काय होते? माउस जोडल्यावर त्याचा दिवा लागतो का, उजवीकडचा पोर्ट चालतो का, आणि माउस लावताना डिव्हाइस मॅनेजरमधली (विंडोजमध्ये जोडलेली उपकरणे दाखवणारी) यादी हलते की जशीच्या तशी राहते, एवढे तरी सांगावे.

नवे_विंडोज
सरळ विंडोज नव्याने टाकावे. माझ्याकडे ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ असा संदेश सतत येत असे, तो त्यानंतर कायमचा गेला.

शंकासुर
उजवीकडचा पोर्ट अर्थातच चालतो, म्हणून तर डावीकडचे असे लिहिले. डावीकडे माउसचा लाल दिवा लागतो, पण बाण हलत नाही. यादी ढिम्म. पेन ड्राइव्ह लावला तर आवाज नाही की संदेश नाही.

जडचकती
वीज कमी पडत असणार. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर आणि 3.0 चा 900 मिलिअँपिअर देतो. माझी एक्स्टर्नल हार्ड डिस्क एवढ्यावर नुसती टकटक करीत बसायची. स्वतंत्र अडॅप्टर असलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घ्यावा.

चिकित्सक
माउसचे सहसा 100 मिलिअँपिअरच्या आत भागते, त्यामुळे विजेचा मुद्दा येथे लागू पडत नाही. यूएसबी 2.0 च्या चार तारांपैकी दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या असतात; दिवा लागतो म्हणजे 5 व्होल्ट पोहोचत आहेत, अडते आहे ते डेटापाशी, आणि हब लावला तरी तो त्याच डेटाच्या तारांवर अवलंबून राहणार. विंडोजचा दोष आहे की नाही हे मात्र फुकटात ठरवता येईल: बायोसमधले (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममधले) फास्ट बूट, म्हणजे सुरू होताना काही तपासण्या वगळण्याची सोय, बंद करून डाव्या पोर्टला यूएसबी कीबोर्ड जोडावा आणि त्याच कीबोर्डने बायोसमध्ये फिरून पाहावे. त्या वेळी विंडोज सुरूच झालेले नसते. शिवाय पोर्टमध्ये टॉर्च मारून आतल्या जिभेवरच्या पट्ट्या वाकल्या आहेत का, तेही पाहावे.

बिनतारी
वायरलेस माउस अडखळत असेल, तर त्याचा रिसीव्हर 3.0 च्या पोर्टपासून एक्स्टेन्शन केबलने दूर न्यावा. 3.0 चा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो.

शंकासुर
माउस वायरचा आहे. बायोसमध्ये तोच कीबोर्ड उजवीकडे चालतो, डावीकडे चालत नाही. पट्ट्या सरळ आहेत. त्या बाजूचा हेडफोनचा जॅकही मुका आहे, पण तो वेगळा विषय आहे. मी ब्लूटूथ वापरतो.

कथील
तो वेगळा विषय नाही, मला तर तोच मुख्य धागा वाटतो. अनेक लॅपटॉपमध्ये एका बाजूचे यूएसबी पोर्ट आणि हेडफोनचा जॅक एका छोट्या बोर्डावर असतात आणि तो बोर्ड चपट्या रिबन केबलने मदरबोर्डला जोडलेला असतो. वीज येते पण डेटा आणि आवाज दोन्ही येत नाहीत, यावरून केबल तिरकी बसली असावी किंवा तिच्यातल्या काही तारा तुटल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. चार्जर काढून, झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी, मगच केबलला हात लावावा. कनेक्टरला उचलायची पट्टी असेल तर ती नखाने उघडावी, केबल ओढू नये. टोके काळवंडली नसतील, तर केबल सरळ बसवून पुन्हा तपासावे.

नवे_विंडोज
तरीही एकदा विंडोज नव्याने टाकून पाहायला काय हरकत आहे?

चिकित्सक
बायोसमध्ये विंडोज नसते, हे वर लिहिले आहे.

शंकासुर
झाकण उघडले. केबल नीट बसलेली दिसते, पण घडीपाशी एक पांढरी रेघ उमटली आहे. ही वेगळी मिळते का?

कथील
बहुतेक वेळा मिळते. केबलवर छापलेला क्रमांक आणि लॅपटॉपचे मॉडेल येथे लिहावे. मॉडेल आपण अजून सांगितलेलेच नाही.