प्रति: म्युऑन आणि खोलवर पुरलेला अणुकचरा

'म्युऑन कशातूनही आरपार जातात, मग पुरलेल्या पिंपांवर रोज नजर ठेवायला अडचण काय?' असं या चर्चेत कुणीतरी विचारलंय. म्युऑन म्हणजे अंतराळातल्या किरणांमुळे हवेत तयार होऊन सतत खाली येणारे सूक्ष्म कण; वस्तूतून ते किती आणि कसे बाहेर पडतात यावरून आतलं चित्र काढता येतं. आरपार जातात हे खरं, पण सगळे नाही. कॉलेजात आम्ही काळ्या टेपमध्ये गुंडाळलेल्या तळहाताएवढ्या दोन सिंटिलेटर (कण गेला की चमकणाऱ्या) पट्ट्या एकावर एक ठेवून म्युऑन मोजले होते. गच्चीवर मिनिटाला पन्नास-साठ टिकटिक, आणि चार स्लॅब खाली आणल्यावर आकडा लगेच घसरला. जमिनीवर दर चौरस मीटरला मिनिटाला साधारण 10 हजार म्युऑन पडतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या 'विप' या भूमिगत अणुकचरा साठ्यात अणुकचरा मिठाच्या थरात सुमारे 655 मीटर खोल ठेवलाय. तिथे तेवढ्याच जागेत मोजलेला आकडा अख्ख्या दिवसाला 400 च्या आसपास! त्यातून स्पष्ट चित्र निघायला महिने जाणार. शिवाय म्युऑन वरून येतात, म्हणजे डिटेक्टर कचऱ्याच्या खाली किंवा बाजूला हवा. आधीच बोगदा खणून ठेवला नसेल तर बसा बोंबलत.

म्हणून मला हे तंत्र पुरण्याआधीच्या टप्प्यावर जास्त कामाचं वाटतं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस या अणुसंशोधन प्रयोगशाळेच्या लोकांनी आयडाहो राज्यात वापरलेल्या अणुइंधनाचं एक सीलबंद पोलादी पिंप न उघडता तपासलं. 24 पैकी 18 खणांतच इंधन होतं, आणि मोजमापात रिकाम्या खणांचा मागमूस लागला. दोन्ही बाजूंना डिटेक्टर, मध्ये पिंप, आणि जड युरेनियममुळे म्युऑन किती वळतात ते बघायचं. झाकण काढलं तर माणूस जवळ उभा राहू शकत नाही, तिथे याला तोड नाही.